दोघांनी पाहिलेला पक्षी

माझ्या वडिलांना पक्षी बघायचा नाद होता, आणि ही गोष्ट आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यात कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीतल्या बाकी पुरुषांचे नाद सरळ होते. कुणाला पत्ते, कुणाला भजन, कुणाला बाटली. रविवारी उजाडताना गळ्यात दुर्बीण अडकवून, पोरीला सोबत घेऊन शेतांकडे निघणारा माणूस म्हणजे जमिनीचा दलालच असणार, असं सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. दोघातिघांनी तर बाबांना बाजूला घेऊन, "पालेगावकडं एखादा बरा प्लॉट असला तर आपल्या माणसाला आधी सांगा," असं सांगूनही ठेवलं होतं. बाबा हसून मान डोलवायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे. आई म्हणायची, "मग घ्या की एखादा आपल्यालाच. पाखरं बघून पोट भरतंय का?" पण हे म्हणताना तिचे हात आमच्याचसाठी थालीपीठ थापत असायचे, त्यामुळे त्या बोलण्याला धार नसायची.

दोन खोल्यांचं घर होतं आमचं. त्या घराचं काय आठवतं म्हणाल, तर आधी आवाज आठवतात. आईने स्टोव्हला मारलेला पंप आणि मग त्याची घरघर, भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला, आणि दिवसातून तीनदा कारखान्याचा भोंगा. भोंग्यावर आमचं जेवण, झोप, शाळा सगळं चालायचं. हिवाळ्यात हवा जड झाली की कारखान्यांचा वास खाली बसायचा, कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी नेलपॉलिशसारखा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला त्यांचं हसू यायचं. बाबा त्यातल्याच एका केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर होते. टाकीवरचे मीटर वाचायचे आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, हे त्यांचं काम. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा अशा दोघांनी एकत्र मीटर बघायचा आणि दोघांनी सही करायची, असा तिथला नियम होता. एकट्याने पाहिलेला आकडा धरत नसत.

तोच नियम बाबांनी आमच्या वहीला लावला. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही होती. ती कारखान्यातूनच आलेली असणार, पण तो विषय आम्ही काढत नसू. पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत जायचा. मी एकटीने पाहिला, तर नाही. त्यांनी एकट्याने पाहिला तरी नाही. एकदा बारवी धरणाच्या बाजूला त्यांना स्वर्गीय नर्तक दिसला होता, लांब पांढऱ्या शेपटीचा. मी चपलेतला काटा काढत वाकलेले, वर बघेपर्यंत तो गेला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "लिहा ना बाबा, तुम्हाला तर दिसला." त्यांनी वही मिटली. "सही कोण करणार?" म्हणाले.

त्यांचं शिक्षण बेताचं होतं, पण कान तयार होते. कारखान्यात पंपाचा आवाज बदलला की मीटर बघायच्या आधी त्यांना कळायचं. पक्ष्यांचंही तसंच. बांधावर बसून, डोळे मिटून ते बोटांवर मोजत जायचे: ही टिटवी, हा धोबी, तो लांबचा कोतवाल. चक्रवाक त्यांचा विशेष लाडका. केशरी अंगाचं हे थोराड बदक आमच्या बाजूला क्वचित यायचं. इतक्या वर्षांत आम्ही दोनदाच पाहिलं होतं. पुस्तकांतून चक्रवाकाच्या विरहाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं, बाबांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "कसला विरह! जोडी भांडत असते सारखी. नळावरच्या बायका परवडल्या. चक्रवाक आला की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला."

हे त्यांचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ज्या दिवशी आठवायला हवं होतं, त्या दिवशी आठवलं नाही.

दुर्बीण उल्हासनगरच्या टेकचंदकाकांकडून घेतलेली. एका अरुंद गल्लीत या सिंधी काकांचं खोक्याएवढं दुकान होतं. घड्याळं, चष्मे, दुर्बिणी, भिंगं, काचेचं जे असेल ते दुरुस्त करायचे. आता अंबरनाथच्या माणसाला विचारा, उल्हासनगरचा माल कसा असतो? तो हसेल. पंख्याचं पातं निखळलं, की "उल्हासनगरचा असेल." चपलेचा अंगठा तुटला, की "उल्हासनगर." आमच्या घरात हे इतकं मुरलेलं होतं की मी दहावीत होते त्या हिवाळ्यात बाबा जेव्हा दुर्बिणीत धूसर दिसतंय म्हणू लागले, तेव्हा कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. आई म्हणाली, "तरी मी सांगत होते." मीही म्हणाले, "बाबा, फसवलं तुम्हाला त्या काकांनी." आम्ही तिघांनी मिळून एका निरपराध दुर्बिणीला दोषी ठरवलं. दिवाळीपासून बाबा तीनदा ती घेऊन उल्हासनगरला गेले. तीनदा टेकचंदकाकांनी ती उघडली, पुसली, बंद केली.

बाकीच्या गोष्टीही होत होत्या, पण त्यांचा धागा दुर्बिणीशी कुणी जोडला नाही. बाबांचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटायचं. ताटाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा पेला हाताने उडायचा. आई करवादायची, "किती धांदरट झालात हो!" एकदा ते दिव्याकडे बघत म्हणाले, "बल्बभोवती सप्तरंगी कडं दिसतं, बघ." मी बघितलं, मला काही दिसलं नाही. मला वाटलं, थट्टा करतायत. समोरचं मात्र त्यांना नीट दिसायचं. पेपर वाचायचे, मीटर वाचायचे, माझ्या गणितातली चूक पकडायचे. मग कशी शंका येणार?

चौथ्या खेपेला मी बरोबर गेले. बाबा दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून दुर्बीण डोळ्यांना लावत होते, फिरवत होते, पुन्हा लावत होते. टेकचंदकाका आतून त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी बाबांकडून दुर्बीण मागून घेतली आणि त्यांना समोरच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. बाबा लांब गेल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"बेटी, तू देख. सामने टंकी पे क्या बैठा है?"

"कौआ," मी म्हटलं. "दो हैं. एक के चोंच में कुछ है."

"वडी, शीशा तो वही है ना? तेरे लिए साफ, पप्पा के लिए धुआँ?" ते चिडलेले नव्हते. हलक्या आवाजात बोलत होते. "तुम लोग मेरे माल को गाली देते हो, दो. लेकिन मेरे बड़े भाई को ऐसा ही हुआ था. बाजू का दिखना बंद, बत्ती के गोल रंग दिखते थे. काला मोतिया. शरम में किसी को बोला नहीं. जो आँख गई वो वापस नहीं आई. पप्पा को डाक्टर के पास ले जाओ, जल्दी. घर जाके मम्मी को बोल. बोलेगी ना?"

"हां," मी म्हणाले.

बाबा चहा घेऊन आले, तेव्हा काका त्यांना म्हणाले, "साईं, हो गया. अभी एकदम फर्स्ट क्लास." दुरुस्तीचं काही घेतलं नाही. आणि मी घरी जाऊन आईला काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी आपण खात्री करून घेऊ. मला माझ्या हुशारीचा भारी अभिमान होता त्या वयात.

पुढच्या रविवारी आम्ही पालेगावपलीकडच्या तळ्यावर गेलो. आता तिथे रिक्षावाल्याला "तळं" म्हटलं तर तो विचारतो, कुठली सोसायटी? तेव्हा भातकापणी झालेली मोकळी खाचरं होती, बांधावर वालाचे वेल, आणि मागे मलंगगड. कडाक्याची थंडी होती. तोंडातून वाफ निघत होती. आम्ही ज्यांच्या बांधावर बसायचो त्या ठमाआई शेंगा तोडायला आलेल्या होत्या. बाबांना त्या मास्तर म्हणायच्या, दुर्बीणवाला माणूस शिकलेलाच असणार म्हणून. बाबा त्यांच्याशी बोलत बोलत चालले आणि कुंपणाच्या खांबावर डाव्या खांद्याने सणसणीत आदळले.

"अरं मास्तर, येवरा मोठा खांब दिसला नाय?"

"धुकं फार आहे आज, आई," बाबा खांदा चोळत म्हणाले.

ठमाआईंनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कनचा धुका? कवरं ऊन परलंय!" त्यांनी माझ्या ओढणीत मूठभर शेंगा टाकल्या आणि दुसऱ्या वाफ्याकडे गेल्या.

आम्ही बसलो. थालीपीठ खाल्लं, लसणाची चटणी खाल्ली, थर्मासमधला चहा प्यालो. तळ्यावर फार काही नव्हतं. अलीकडे दोन शेकाट्या आपल्या काटकुळ्या पायांवर उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर नुसता चिखल. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्या रिकाम्या चिखलाकडे बघत म्हणाले, "बाबा! चक्रवाक! जोडी आहे, पलीकडच्या काठाला."

बाबांनी दुर्बीण घेतली. सावकाश उचलली. भिंगं फिरवली. बराच वेळ ते तसेच राहिले. गार वारा होता, शेकाट्यांचं टिक्‌टिक्‌ सोडलं तर कुठे आवाज नव्हता. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. नाही म्हणा, बाबा. मला रागवा, कुठे आहेत म्हणा.

"हो," ते म्हणाले. "दिसले. नर डावीकडचा." त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडे वळून बघितलं. "लिही वहीत."

मी लिहिलं. चक्रवाक, जोडी, पलीकडचा काठ. पेन्सिलीचं टोक कागदात घुसत होतं. शेजारी माझं नाव, त्यांचं नाव. आमच्या त्या काटेकोर वहीतली ती पहिली खोटी नोंद, आणि खाली दोन सह्या.

संध्याकाळी जेवताना आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय काय दिसलं आज?" मी यादी वाचली. शेकाट्या, धोबी, खंड्या, चक्रवाक. "अगं बाई, चक्रवाक!" आई म्हणाली. तिला त्याचं काही नव्हतं, पण आमचा आनंद तिला ठाऊक होता. बाबा भाकरी मोडायचं थांबून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"अजून काही सांगायचं राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

ते पुन्हा जेवायला लागले.

मी का सांगितलं नाही, याची कारणं मी पुढे आयुष्यभर मांडत आले आहे, आणि दर वेळी एखादं गळतं. बाबांच्या कारखान्यात एकाला अनफिट ठरवून घरी बसवलं होतं, त्याची बायको चाळीत दारोदार पापड विकायची. त्याची भीती होती, हे खरं. बाबांचा अपमान होईल, ते लपवतायत तर आपणही लपवावं, त्यांची लाज राखावी, असं वाटलं हेही खरं. मी स्वतःला फार शहाणी, फार मायेची लेक समजत होते. पण तळाशी अजून एक होतं, ते मी आत्ताआत्तापर्यंत कबूल केलं नव्हतं. आईला कळलं असतं तर रविवार बंद झाले असते. त्या घरात, त्या वासात, त्या भोंग्याच्या तालावर एकच गोष्ट माझी अशी होती, ती मला सोडवत नव्हती. मी गप्प बसले. पुढच्या रविवारीही गेलो. मी पक्षी सांगायचे, बाबा हो म्हणायचे, मी लिहायचे. मी पुन्हा खोटं कधी सांगितलं नाही, पण आता वहीला अर्थ उरला नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

उन्हाळा सरताना बाबा कारखान्याच्या जिन्यावरून पडले. फार लागलं नाही, पण मग डॉक्टर झाले, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या. काचबिंदू, म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही, असलेली राखता येते, पण आता राखण्यासारखं थोडंच राहिलं होतं. "सहा महिने आधी का नाही आणलंत?" त्यांनी आईला विचारलं. आईने कपाळाला हात लावला. "आम्हाला काय माहीत बाई? आम्हाला वाटलं, दुर्बीण खराब आहे." मी भिंतीला टेकून उभी होते. सहा महिने मागे मोजले की बरोबर हिवाळा येत होता. टेकचंदकाकांचं दुकान येत होतं. मी तेव्हाही काही बोलले नाही.

बाबांना घरी बसवलं. उल्हासनगरच्या कारखान्यांतून आमच्याकडे जीन्सचे गठ्ठे येऊ लागले. आई धागे कापायची, बटणं लावायची. बाबा पँटचे पाय चाचपडून सुलटे करून द्यायचे. घरभर निळी धूळ, उशांवर निळी, पोळीच्या कणकेत निळी. बाबांची बोटं कायम निळसर असायची. मला बारावीनंतर एका ऑफिसात चिकटावं लागलं. बाबा पक्ष्यांचं नाव काढत नसत. कधी खिडकीबाहेर दयाळ शीळ घालायचा, तेव्हा त्यांचे हात कापडावर थांबायचे. मग पुन्हा चालू व्हायचे. वही आईच्या शिलाई मशीनच्या खणात पडली होती.

माझं लग्न ठरल्यावर, जायच्या आधीच्या हिवाळ्यात, मीच म्हटलं, "बाबा, तळ्यावर जाऊ या." त्यांनी हातातली पँट सुलटी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चल." रिक्षाने गेलो. खाचरांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. ठमाआईंच्या बांधावर सिमेंटचे खांब रचलेले. ठमाआई नव्हत्या, मुलांनी जमीन दिल्यावर त्या मोठ्या घरात राहायला गेल्याचं रिक्षावाल्याने सांगितलं. तळं अर्धं भरावात गेलं होतं. मी बाबांना हात धरून एका दगडावर बसवलं. त्यांना काय दाखवायला आणलं आपण, या विचाराने मला रडू येत होतं.

आणि मग आवाज आला. आधी लांबून, मग जवळ. आंग, आंग, असा कर्कश, भांडणारा. दोन केशरी पक्षी मलंगगडाच्या बाजूने आले, एक घिरटी घेतली आणि राहिलेल्या पाण्यावर उतरले. उतरल्यावरही गप्प बसेनात.

बाबा मान कलती करून ऐकत होते. चेहऱ्यावर पुष्कळ वर्षांनी हसू आलं होतं.

"आज खरे आलेत," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, चक्रवाक पाण्यावर आहे आणि तोंड बंद आहे, असं होतं का कधी? एवढा वेळ मी काय बघत होतो? ऐकत होतो."

"मग 'हो' का म्हणालात?"

ते पाण्याच्या दिशेने तोंड करून बसले होते, म्हणजे त्यांना जी पाण्याची दिशा वाटत होती तिकडे. ती थोडी चुकलेली होती.

"तू माझी परीक्षा घेत होतीस हे कळलं मला. म्हटलं, बरं झालं. माझ्या तोंडातून निघत नव्हतं गं. किती वेळा ठरवलं तुझ्या आईला सांगायचं, जमलं नाही. वाटलं, आता हिला समजलं. ही सांगेल. त्या संध्याकाळी विचारलंसुद्धा तुला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, निदान रडून मोकळी झाले असते. आज मी बदलापूरला सातव्या मजल्यावर राहते, माझ्या स्वतःच्या डोळ्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घेते, कारण हा आजार रक्तात येतो म्हणतात. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला होतं का? दर वेळी 'वडिलांना' असं म्हणताना माझ्या कानात तेच येतं: एवढंच? एवढंच.

"आता खरी जोडी आहे," बाबा म्हणाले. "तू पाहिलीस, मी ऐकली. माझी सही चालेल ना? लिही वहीत."

वही घरी होती. शिलाई मशीनच्या खणात. मला तर पाण्यावरचंही आता काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मी थोडा वेळ जाऊ दिला, लिहायला लागतो तेवढा.

"लिहिलं," मी म्हणाले.

पान उलटल्याचा आवाज झाला नव्हता, हे त्यांना कळलं असणारच. "बरं," ते म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.